दहा वर्षांचे कर्जरोखे

उरायासु,
२२ नोव्हेंबर १९९८

ती. वन्संना सुलेखाचा नमस्कार.

तुमचं पत्र आणि मेतकुटाची पुडी, दोन्ही पोचलं. क्षिप्राने मेतकूट भातावर न घेता टोस्टला लोणी लावून त्यावर भुरभुरवलं आणि “ओइशी” म्हणाली, म्हणजे आवडलं. मराठीत विचारलं तरी हल्ली ती जपानीतच उत्तर देते. मी चिडते, तुमचा भाऊ हसतो. थंडी पडायला लागली आहे, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस सुकत नाहीत.

भावजींनी विचारलंय की जपानचं सरकार कर्जावर जेमतेम एक टक्का व्याज देतं, मग प्रकाश पैसे तिथेच का अडकवतोय? आपल्या पोस्टात साडेपाच वर्षांत दामदुप्पट होतात. मी ह्यांना नुसतं विचारलं, तर तासभर शिकवणीच झाली. सांगायचं ते असं की इथल्या सरकारला पैसे दिले तर ते बुडायची भीती फार कमी, म्हणून व्याजही कमी. जास्त व्याज मिळतंय म्हणजे कुठेतरी धोका दडलेला असणार, तो आधी शोधायचा. क्षिप्रा इथेच शिकणार असेल तर फी येनमध्ये भरावी लागेल, आणि मधल्या काळात रुपया घसरला तर दुपटीतला बराचसा भाग हवेत जाईल. अर्थात सरकारचीही पत घसरते म्हणे. याच आठवड्यात परदेशातल्या कुठल्याशा संस्थेने जपानला एक पायरी खाली उतरवलं, तर ह्यांच्या ऑफिसात नुसती धावपळ.

वन्सं, लग्नाला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात ह्यांनी मला पैशातलं ओ की ठो सांगितलं नव्हतं. आणि आता महिनाभर रोज धडा. परवा मी पालक निवडत होते, तर समोर येऊन बसले.

“समज, तू सरकारला दहा वर्षांसाठी शंभर रुपये दिलेस, एक टक्क्याने. उद्या सरकार नव्या लोकांना दोन टक्के द्यायला लागलं. तुझा जुना कागद कोण घेईल?”

“कुणीही नाही.”

“घेतील, पण पाडून मागतील. तोटा कुणाला?”

“मला. आता उठा, मला काम आहे.”

“तोटा, पण विकलास तर. मुदत संपेपर्यंत थांबलीस तर पूर्ण शंभर परत. ज्याला थांबता येतं त्यानेच हे घ्यावं. लक्षात राहील?”

मी पानं कचऱ्यात टाकली आणि काड्या पातेल्यात. 

आता लिहायलाच हवं. सप्टेंबरात दवाखान्यातून आल्यावर मी तुम्हाला फोन केला आणि म्हटलं की डॉक्टरांनी मला एकटीला बोलावून सांगितलं. ते खरं नव्हतं. हे माझ्या शेजारीच बसले होते. इथे असला आजार रोग्याला सांगत नाहीत, घरच्यांना सांगतात. डॉक्टरांनी विचारलं, ह्यांना जपानी कळतं का? मी म्हटलं, नाही, ऑफिसचं काम इंग्रजीत चालतं. मग त्यांनी तिथेच, ह्यांच्याकडे न बघता, हलक्या आवाजात सांगितलं. पोटाचा कर्करोग, यकृतापर्यंत गेलेला, पुढचा उन्हाळा दिसेलच असं नाही. आणि हे माझ्या तोंडाकडे बघत होते, मी मराठीत काय सांगते म्हणून. मी म्हटलं, “अल्सर आहे म्हणतात. गोळ्यांनी बरा होईल.”

तुम्ही फोनवर माझ्याकडून शपथ घेतलीत, प्रकाशच्या कानावर जाता कामा नये, तो खचेल. मी पाळली.

आज सकाळी चहा घेताना ते म्हणाले, उद्या सुट्टी आहे, मंगळवारी जाऊन रोखे घेऊन टाकू. दहा वर्षांचे की वीस?

“तुम्हीच ठरवा.”

“पैसे लागतील तेव्हा मुदत संपायला हवी. क्षिप्रा अठरा वर्षांची कधी होईल?”

“दहा वर्षांनी.”

“मग दहाचे. तुझ्या एकटीच्या नावावर.”

“एकटीच्या का?”

“मला कुठे थांबता येणार आहे, सुलेखा?”

मी हातातला कप खाली ठेवला. तेच पुढे बोलत राहिले. “‘गान’ म्हणजे कर्करोग हे मला येतं. रोज आगगाडीत डोळ्यांसमोर ‘गान’च्या विम्याची जाहिरात असते. डॉक्टर तो शब्द बोलले, आणि तू अल्सर म्हणालीस. म्हटलं, हिला एवढंच सोसतंय, तर अल्सर.”

दोन महिने, वन्सं! दोन महिने हा माणूस माझ्यासाठी अल्सरचा रोगी झाला. “आमटीत तिखट नको, पथ्य आहे ना,” असं आठवणीने म्हणायचा. भाऊबीजेला तुमच्याशी फोनवर केवढा हसला, आठवतंय? घरात मी असून त्याला एकट्याने मरणाचा विचार करावा लागला. याचं मला जे वाटतंय ते लिहिता येत नाही.

तुम्हाला सांगू नको असं ते मला बजावून म्हणाले. “मला माहीत नाही असंच ताईला वाटू दे. तिला तेवढाच आधार.” मी नाही ऐकणार. कुणाचं मन राखायला पुन्हा खोटं बोलायची माझ्यात ताकद नाही. व्हिसासाठी लागणारं निमंत्रण सोबत पाठवते आहे. मेमध्ये येईन म्हणालात. मे फार लांब आहे.

आणखी एक गोष्ट ते आज बोलले. तुमच्या आई गेल्या तेव्हा हे सहा वर्षांचे होते. आई मामाकडे गेलीय, असं तुम्ही ह्यांना महिनाभर सांगत होतात. वन्सं, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी रोज तुमच्या मागे लागायचे, आई कधी येणार? कारण त्यांना समजावण्यात गुंतलात की तुम्ही रडायच्या थांबायचात.

या वेळी त्यांना तसं करायला लावू नका. लवकर या, आणि त्यांच्यासमोर पोटभर रडा.

तुमच्या प्रकाशची,
सुलेखा