तीन पाचरी

बाबा, न्हाणीच्या कोपऱ्यातल्या त्या तीन पाचरी सागवानाच्या नव्हत्या. सालईच्या होत्या, संत्र्यांच्या पेट्यांसाठी तुम्ही आणून ठेवलेल्या लाकडाच्या, आणि त्या मी ठोकल्या होत्या. सांगायचं एवढंच आहे. पण तुमच्याशी बोलायला मी नेहमीच उशीर लावला, आणि उशीर लावला की माणूस फाटे फोडत बसतो. मी आता तुमच्या शेवटच्या वयाहून दोन वर्षांनी मोठी आहे. तेव्हा जरा फाटे फोडू द्या.

पांढुर्ण्याचं आपलं घर, खाली तुमचं सुतारकामाचं दुकान आणि वर माडी. मायला लकवा झाला तो माडीवर, आणि मग ती वरच राहिली. न्हाणी मागच्या परसात. तिथं न्यायचं म्हणजे दोन माणसांनी खुर्चीसकट उचलायचं आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोरून न्यायचं. तसं एकदाच नेलं. तिनं पदर तोंडावर ओढला तो वर आल्यावरही काढला नाही. "मले आता खाली नेऊ नोका. मेल्यावरच न्या," म्हणाली. पुढे दीड महिना तिला ओल्या फडक्यानं पुसणं चाललं. ते मी करायची, शाळेत शिकवायला जायच्या आधी आणि परत आल्यावर. मला किळस यायची. आपल्या आईची किळस येते म्हणून रडू यायचं, आणि रडून झाल्यावर पुन्हा बादली भरायची. मी सव्वीस वर्षांची होते, आणि लोक माझ्या सेवेचं कौतुक करत होते.

म्हणून तुम्ही माडीवरच न्हाणी करायची ठरवली. आधीच्या मालकानं तिथं वर्षानुवर्षं कापूस भरलेला, त्यामुळे तुळया वाकलेल्या आणि फळ्यांची जमीन बसलेली. संत्रं ठेवलं तर आपोआप मागच्या कोपऱ्यात जायचं. गवंडी म्हणाला, उतार आयताच आहे, त्यावरच सिमेंट टाकू. तुम्ही त्याच्याकडे असं काही पाहिलंत की त्यानं तोंडातला तंबाखू थुंकला. "आधी समतल, मंग ढाळ," तुम्ही म्हणालात. "वाकड्यावर ढाळ देला त पानी आपल्या मर्जीनं जाते." फळ्या उकलल्या. पाण्यानं भरलेल्या नळीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं तुमच्या. "हलू नोको वं. पानी थांबू दे," तुम्ही सांगताय आणि मी श्वास रोखून उभी आहे. नळीतलं पाणी स्थिर झालं की तुम्ही खूण करायचे, आणि जिथं तुळई खाली गेली असेल तिथं सागवानाची पाचर ठोकून फळीला वर घ्यायचे. चार दिवस हेच चाललं होतं. इतक्या जवळून मी तुम्हाला काम करताना कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग पोळ्याच्या आदल्या दिवशी सागवान संपलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तीन पाचरी कमी पडल्या. दुसऱ्या दिवशी पोळा, तिसऱ्या दिवशी गोटमारीची जत्रा, आरा मशीन बंद. गवंडी सावरगावचा. आज सिमेंट टाकलं तर टाकलं, नाही तर तो छिंदवाड्याच्या कामावर जाणार आणि दिवाळीनंतर परतणार. मी म्हटलं, खाली सालई पडली आहे. तुम्ही म्हणालात, "पेटीले चालते ते. पानी लागलं का सालईचा भुसा होते." आणि सायकल काढून आरा मशीनवाल्याच्या घरी एखादा तुकडा मागायला गेलात.

तुम्ही रिकाम्या हातानं परत आलात तोवर फळी बसली होती. नळीचं दुसरं टोक गवंड्यानं धरलं होतं. लाकडाचं त्याला काही देणंघेणं नव्हतं. मी सांगितलं, जुन्या सागवानी चौकटीचा तुकडा सापडला. तुम्ही नळी लावली, पाणी थांबू दिलंत. एका केसाचाही फरक नव्हता. "हात बसला वं तुया," म्हणालात, आणि फळी उचलून न बघता खिळे ठोकलेत. तुमच्या तोंडून मला मिळालेली तेवढीच शाबासकी.

माय त्या न्हाणीत दोन वर्षं नाहली. पहिल्या दिवशी पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतला तर ती वाकड्या तोंडानं हसत सुटली, "अजून टाक, अजून टाक," म्हणत. हे मी तुमच्यापासून लपवलं नाही, कारण तुम्ही दाराबाहेर उभे राहून ऐकत होतात. तिसऱ्या पावसाळ्यात त्या कोपऱ्यातली फरशी दोन बोटं खचली आणि माय बसली होती त्या स्टुलाचा पाय तिथं रुतला. मी टॉवेल घ्यायला वळले होते. ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. जीपनं नागपूरला नेताना ती अर्ध्या वाटेपर्यंत कण्हत होती, पुढे गप्प झाली. दवाखान्यात अकरा दिवस काढले आणि गेली.

तेरवी झाल्यावर तुम्ही फरशी उकललीत. मी शेजारी उभी होते. तुळईवर काळा चोथा होता, तुम्ही तो चिमटीत घेतलात, बोटांनी चोळलात आणि नाकाशी नेलात. डोळे मिटून नुसत्या वासावर लाकूड ओळखणारे तुम्ही. मग माझ्याकडे पाहिलंत. "सागवानबी सडते कवा कवा," म्हणालात. त्याच संध्याकाळी दुकानात कोणी तरी बोललं, मिस्त्री, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तुम्ही म्हणालात, "हो. माया हातची चूक." मी जिन्यात उभी राहून ऐकलं. खाली उतरले नाही.

त्यानंतर तुम्हाला माडीच्या कामाला कोणी बोलावलं नाही. तुम्ही नऊ वर्षं पेट्या ठोकल्या. एका शनिवारी आपण जामसांवलीला दर्शनाच्या रांगेत होतो, आणि तुम्ही पुढे बघतच विचारलंत, "काई सांगाचं हाय का तुले?" मी म्हटलं, "चप्पल चावून राहिली." परतीच्या वाटेवर तुम्ही मला सौंसरला उतरवलंत आणि बाजारातून नवी चप्पल घेऊन दिलीत. रस्त्यावर उकिडवे बसून ती माझ्या पायात घालून, अंगठा दाबून पाहिलात. मी ती दोन वर्षं वापरली, बाबा.

तुम्हाला माहीत होतं, हे आता मी धरूनच चालते. तुम्ही माझी चूक आपल्या अंगावर घेतलीत आणि मी ती घेऊ दिली, रोज तुमच्या ताटात भाकर वाढत. ह्या पत्राला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं, मला माहीत आहे. तुम्ही गेलात त्या सकाळी मी इतकी रडले की बायकांना आवरेना. ते रडणं खोटं नव्हतं. पण रडता रडता मला हायसंही वाटत होतं, की आता विचारणारं कोणी उरलं नाही.