चर्चमधली बारी

मेडशी
१२ नोव्हेंबर २०२५

चि. पवन यास विजयमाला आत्याचे पोटभर आशीर्वाद. विनंतीविशेष काही नाही, कानउघाडणी आहे.

तुझं पत्र मिळालं. फोन का करत नाही म्हणून विचारू नकोस. तुझ्याशी बोलायला लागले की तुझा बाप, म्हणजे आमचा दौलतदादा, भिंतीपलीकडे मुद्दाम खोकत बसतो. त्यापेक्षा टपाल बरं.

तर तू आणि तुझे दोन साथीदार सात डिसेंबरला, रविवारी, वाशीमच्या मिशनच्या चर्चमध्ये जाझ वाजवणार. मॉडर्न जाझ, असं लिहितोस. खालच्याच ओळीत लिहितोस की सगळ्या रचना अमेरिकेतल्या, १९५५ ते ५८ मधल्या. मी एकोणसाठची. माझ्याहून म्हातारं ते मॉडर्न आणि मला मात्र एसटीत पोरं आजी म्हणून जागा देतात! असो. चर्चची काळजी सोड. पास्टर माझा विद्यार्थी आहे. सातवीत मराठीला त्याला मीच पुढे ढकललं होतं, त्यामुळे त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत.

खरी अडचण दादाची. कृषी सहायकाची नोकरी सोडून तू तो सॅक्सोफोन गळ्यात अडकवलास, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तो तुझं नाव घेत नाही. बाबांनी एकदा समोर बसून ऐकावं, मग हवं ते बोलावं, असं तू लिहितोस. मी विचारून पाहिलं. तो म्हणाला, मी कायले येऊ, बँडबाजाच्या मांगं लगन तरी असते.

म्हणून मी एक उद्योग केला आहे. पुण्यात राहून विसरला नसशील तर आठव. भजनाच्या बारीत दोन मंडळं समोरासमोर बसून सवाल-जवाब करतात आणि पंच जिंकणाऱ्याच्या हातात नारळ देऊन निकाल सांगतो. आपला दादा तीस वर्षं पंच आहे. पंचाचं आमंत्रण तो अंगात ताप असतानाही मोडत नाही. मी त्याला सांगितलं, वाशीमच्या चर्चमध्ये बारी आहे, एक बाजू पवनची, आणि पंच म्हणून तुलाच बोलावलंय. तिसऱ्या दिवशी म्हणाला, पंचाले पोरगं नसते, येतो म्हणून कळव.

मला यायला मिळणार नाही. पाच डिसेंबरला माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तेव्हा पुढचं तू निस्तर. लोभ भरपूर आहे, वाढवायला जागा नाही.

तुझी आत्या

पुणे
२० नोव्हेंबर २०२५

ती. आत्याच्या चरणी पवनचा साष्टांग नमस्कार, रागारागाने घातलेला.

आत्या, हे काय करून बसलीस? जाझमध्ये कोणी जिंकत नाही की हरत नाही! माझा साथीदार नवीन हा माणसाएवढं उंच, बास नावाचं तंतुवाद्य घेऊन उभा असतो. तो बिचारा अख्खी संध्याकाळ आम्हा दोघांना सांभाळून घेतो. रंजीता ड्रम वाजवते. एका रचनेत मात्र चार आवर्तनं मी वाजवतो आणि चार ती, आळीपाळीने. आधी काहीच ठरलेलं नसतं, समोरच्याचं ऐकून उत्तर द्यायचं. त्याला तुला बारी म्हणायचं असेल तर म्हण. रंजीताला हे सांगितलं तर ती हसून हसून खुर्चीवरून घसरली. आता म्हणते, पंच येणार असेल तर मी तुला सोडणार नाही.

खरं सांगू? मला भीती वाटते. पुण्यात टाळ्या मिळतात, पण बाबा मध्येच उठून गेले तर मी हे वाद्य पुन्हा हातात घेईन की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी शेवटपर्यंत बसावं, एवढंच हवंय.

डोळ्याला जप. रागावलो असलो तरी तुझाच,
पवन

पुणे
९ डिसेंबर २०२५

ती. आत्यास, हरलेल्या भाच्याचा नमस्कार.

रविवारी काय झालं ते तुला गावात कळलंच असेल, पण माझ्या तोंडून ऐक. बाबा अख्खं भजनी मंडळ घेऊन आले. चर्चच्या पायरीवर आठ जोडी चपला रांगेत. पास्टरसाहेब सांगून थकले की इथे चपला काढायच्या नसतात. मंडळातले जानरावकाका म्हणाले, तुमच्या देवाले चालत असन, आमाले नाही चालत. मग आठ पांढऱ्या टोप्या पहिल्या बाकावर बसल्या आणि मधोमध बाबा, मांडीवर पिशवी घेऊन.

पहिल्या दोन रचनांत मंडळ गप्प होतं. सवाल-जवाब सुरू झाला आणि सगळे ताठ बसले. मी वाजवलं की मंडळ वाहवा करायचं, रंजीताने वाजवलं की चर्चवाले. बाबा बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. चौथी फेरी संपली आणि बाबा उठले. वाटलं, निघाले. ते चालत पुढे आले, पिशवीतून नारळ काढला, रंजीताच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की पोरगी जितली. मग जागेवर जाऊन बसले. रचना अजून अर्धी बाकी होती! नवीन एकटा वाजवत राहिला, पास्टरसाहेब आमेन म्हणाले आणि मंडळाने जयजयकार केला. एवढ्या टाळ्या आम्हाला पुण्यातही मिळाल्या नव्हत्या.

मी तेव्हा हसलो. नंतर बाहेर आलो तर बाबा चहालाही न थांबता गेले होते. परतीच्या गाडीत मला रडू आलं, आत्या. दोन वर्षांनी भेटले आणि माझ्याशी एक शब्द न बोलता मला हरवून गेले. बारी आहे असं खोटं सांगून तू त्यांना आणलंस, पण खरं सांग, ते मला ऐकायला आले होते की पाडायला?

उत्तराची वाट पाहतो. माया कमी करू नकोस, सध्या मोठी गरज आहे.

पवन

मेडशी
१६ डिसेंबर २०२५

चि. पवनले दौलतरावचे आशीर्वाद.

तुह्या आत्याच्या डोळ्याले पट्टी हाय. वाचाची मनाई हाय. म्हणून तुहं पत्र मीच तिले वाचून दाखोलं. अर्ध्यात ती म्हणे राहू दे, डोकं दुखून राह्यलं. मी म्हटलं आता कायले राहू देऊ. बारी नव्हती हे मले तवा समजलं. तीस वर्षांत मले असं कोणी फसवलं नाही. तीन दिवस मी तिच्याशी बोलणार नव्हतो, पण डोळ्यात औषध मलेच टाका लागते, म्हणून बोलतो.

आता निकालाचं. पंचानं कारण सांगा लागते, ते राहून गेलं होतं. पहिल्या दोन फेऱ्या तुह्या होत्या. तुह्या हातात दम हाय, मले वाटलं त्याहून जास्त. तिसऱ्या फेरीत पोरीनं सवाल टाकून मधी जागा सोडली. तू ती जागा ऐकली नाही, भरून टाकली. चवथीत तिनं तुहंच वाजवलेलं उलटं करून तुह्या पुढ्यात ठेवलं, अन् तू माह्याकडे पाहून राह्यला होता. साऱ्या बारीत तू माह्याकडेच पाहून राह्यला होता. पंचाकडे पाहणारा हारते. मी काय करू?

चहाले थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर निकाल बदलला असता. तू लई थकलेला दिसला. जीव तुटला माहा.

पुढच्या वेळी कुठं वाजवतो ते कळव. पंच म्हणून नाही येत. मांगच्या बाकावर बसतो, उठत नाही. फक्त तू पाहू नको.

तुहा बाबा