चीज सॉसचा नैवेद्य

रोहितच्या आजोबांले त्याच्या बेसाच्या घरून पाया पडते. नाव मी घेत नाही, पाकिटावर नातसून कामिनी टाकन. हे पत्रही तीच लिहून राहिली.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरते, पण तुमच्यापेक्षा कमी.

नोकरी गेल्यापासून पोरगी गप्प गप्प होती. आता तिनं घरीच खायचं करून विकाले घेतलं, अन् शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका बाईकडून वाढदिवसाच्या बर्गरची पहिली ऑर्डर भेटली. त्यावर चीज सॉस लागते. आपल्या कढीची शहरातली चुलतबहीणच समजा. लोण्यात मैदा परतायचा, दूध थोडं थोडं टाकत घोटायचं, गॅस बंद करून मग चीज किसून टाकायचं. घोटाले मी बसली, एक गाठ नाही झाली.

पण नैवेद्याआधी मी कोणाले चाखू देत नाही, हे तुमाले माहीत आहे. कढीसारखं मीठ टाकलं. चिजात आधीच मीठ असते, हे मले काय माहीत? सारा सॉस खारट. पोरीचे डोळे भरले.

"आजी, चाखलं असतं तर समजलं असतं," म्हणे.

मंग दुसरा केला, बिनमिठाचा. पहिला चमचा देवापुढं ठेवला अन् दोघी चाटाले मोकळ्या. ऑर्डर गेली. त्याच बाईनं पुढच्या रविवारचंही सांगितलं.

कामिनी म्हणते, ते खारट सॉसचं नका सांगू. मी म्हटलं, लिही वं.

तर ठरल्यासारखं या सोमवारी मी घरी येत नाही. तुम्ही वरण शिजवता, का चिवड्यावरच दिवस काढता? बीपीची गोळी घेता ना?

पोरगी कालपासून हसून राहिली. ते हसू जरा पक्कं होऊ द्या, मंग मी येते.

जेवून घेत जा.

तुमच्या घरची,
रंभा