दहा मिनिटं उशीर म्हणजे गैरहजर

१० जून, बुधवार
आजपासून रोज लिहायचं. कोणी वाचण्यासाठी नाही. उद्या कोणी म्हणालं की मास्तरांचीच चूक, तर पुरावा असावा म्हणून.

वर्गाला आठपैकी तीन. नर्सबाई, पाववाला आणि बसड्रायव्हर. बाकीचे टीव्हीसमोर. फुटबॉलची मोठी स्पर्धा उद्या सुरू होणार, पण हे लोक आजपासूनच गैरहजर. चाळीस वर्षं कटिंग मास्तर होतो. मुलीकडे परदेशात आलो आणि समाजकेंद्रात दर बुधवारी चार ते सहा शिवण शिकवायला लागलो. माझी भाषा यांना येत नाही, यांची मला अर्धीमुर्धी येते. खडूची रेघ मात्र सगळ्यांना कळते. आणि या लोकांना कॉलरपेक्षा चेंडू मोठा.

सुईत दोरा नर्सबाईंकडून ओवून घेतला. त्या निवृत्त आहेत, हात चालता राहावा म्हणून हे काम मी नेहमी त्यांनाच देतो.

१२ जून
झोप नाही. केंद्राच्या ऑफिसबाई काय म्हणाल्या ते काल लिहायचं राहिलं. (काल लिहिलंच नाही. पित्त.) जुलैअखेरपर्यंत परीक्षा घ्या, आठातले सहा पास झाले तर वर्ग पुढे चालू, नाहीतर खोली बंद, असं म्हणाल्या. वर हसल्या.

खोली बंद म्हणजे मी परत घरी. मोज्यांच्या जोड्या लावायला. इथे कोणी नावाने हाक मारत नाही, मास्तर म्हणतात. घरी मी नुसता बाबा आहे, तोही ‘बाबा, जरा पाय वर घ्या, झाडतेय’ मधला.

१७ जून, बुधवार
दोन. पाववालाही फुटला. खिडकीतून समोरचं हॉटेल दिसतं, तिथे माझे सहा विद्यार्थी रंग फासून बसले होते. एकाने मला हात केला. मी पडदा ओढला. हे लक्षात ठेवणार आहे.

बसड्रायव्हर आला होता, पण एका कानात वायर. बाही उलटी लावली. लिहून ठेवलं.

१८ जून
उट्टं काढायचं ठरलं. जावयाने फ्रिजवर सामन्यांचा तक्ता लावलाय. फायनल १९ जुलै, रविवार, दुपारी चार. परीक्षा १९ जुलै, रविवार, दुपारी चार. कसं वाटतंय आता.

मुलीकडून नियम इथल्या भाषेत लिहून घेतला. ‘दहा मिनिटं उशीर म्हणजे गैरहजर. कारण ऐकून घेतलं जाणार नाही. नियम सर्वांना लागू.’ तिने विचारलं, सर्वांना म्हणजे तुम्हालाही का. म्हटलं, सर्वांना म्हणजे सर्वांना. मग म्हणाली, पण बाबा, कोणीच आलं नाही तर तुमचाच वर्ग बंद पडेल ना. सातवी पास माणसाला हिशोब कळत नाही असं वाटतं हिला. येतील. घाबरून येतील. रडत येतील.

२४ जून, बुधवार
कागद दारावर लावला, खाली परीक्षेची तारीख, वेळ आणि प्रत्येकाने एक शर्ट शिवून आणायचा. आज एकट्या नर्सबाई. वाचून म्हणाल्या, मास्तर, त्या दिवशी तर फायनल आहे. म्हटलं, असं का, मला कल्पना नव्हती. रविवारी केंद्र बंद असतं, म्हणून ऑफिसबाईंकडून किल्ली मागून घेतली. एकच आहे. खिशात आहे. तीनदा पाहिली.

२७ जून
शत्रूची माहिती असावी म्हणून जावयाबरोबर अर्धा तास सामना पाहिला. खेळ बिनडोक आहे. गोलकीपरची काखेत फाटलेली बाही मात्र पाहवत नव्हती. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, वर घेतला असता तर हात वर जाताना ओढ बसली नसती, तो गोल वाचला असता. जावयाला सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही कोचला कळवा. चेष्टा करतोय. त्याचंही नाव लिहून ठेवलं.

१ जुलै, बुधवार
शून्य. पाच वाजेपर्यंत बसलो, हजेरीपटावर आठ फुल्या मारल्या. एक एक फुली दोनदा गिरवली. पुढच्या बुधवारी मीच जाणार नाही, बसा म्हणावं. (कोणी येणारच नाही, पण तत्त्व म्हणून.)

४ जुलै
ऑफसाइड समजला. जावई मीठदाणी, चमचे मांडून सांगत होता, डोक्यात जाईना. मग मीच टेबलावर खडूने रेघ मारली. रेघेच्या पुढे कात्री गेली की कापड वाया. एवढंच आहे ते. मुलीने टेबल पुसायला लावलं.

संपूर्ण सामना पाहिला, फक्त खात्री करायला.

८ जुलै, बुधवार
तत्त्व पाळलं. इथल्या देशाची टीम जिंकली. शेवटच्या मिनिटाला मी ओरडलो असं मुलगी म्हणते. ओरडलो नाही, खोकलो. चहा सांडला तो कपाला कान नीट नसल्यामुळे.

१५ जुलै, बुधवार
हरले. सेमीफायनलमध्ये. रेफ्री आंधळा आहे.

वर्गाला गेलोच नव्हतो, सामना चारलाच होता. नंतर फिरायला म्हणून हॉटेलवरून गेलो. पाववाला फूटपाथवर बसून गालावरचा रंग हाताने पुसत होता. बरं झालं, असं म्हणायचं ठरवून गेलो होतो. त्याच्याशेजारी थोडा वेळ बसलो.

तरी परीक्षेची तारीख बदलणार नाही. दया दाखवली की डोक्यावर बसतात.

१९ जुलै, रविवार, दुपारी ३
सगळा देश सुतकात. परीक्षेला चिटपाखरू येणार नाही. उगाच रिकाम्या खोलीत कशाला बसू. पूर्वार्ध इथेच पाहतो, मध्यंतरात जाऊन आठ नापास लिहून येतो. दहा मिनिटांचा रस्ता.

त्याच दिवशी, रात्री ८
मध्यंतरात जाणार होतो. पण बरोबरी होती. मग जादा वेळ. मग पेनल्टी. जावयाने हात धरून बसवलं, साक्षीदार आहे.

पोचलो तेव्हा सात वाजले होते. केंद्राच्या बाहेरच्या कठड्यावर आठ हँगर लटकत होते. आठ शर्ट. शर्ट राखत बसलेल्या नर्सबाईंकडून कळलं, टीम हरल्यावर यांना दुपार मोकळीच होती, तारीख त्यांनी सगळ्यांना कळवली होती, त्यामुळे आठही जण पावणेचारला हजर झाले. दार बंद, किल्ली माझ्या खिशात. ऑफिसबाईंना फोन गेला, त्या घरून आल्या. नर्सबाईंनी तिथेच पायरीवर सगळ्यांच्या शिलाया तपासल्या. आठही पास.

मीही चष्मा काढून, घालून, उजेडात धरून पाहिलं. एकाची तरी कॉलर वाकडी निघेल वाटलं. पाववाल्याची सुद्धा सरळ.

दारावरच्या नियमाखाली ऑफिसबाईंनी पेनाने लिहिलं होतं, ‘४.१०. मास्तर गैरहजर.’

२१ जुलै
ऑफिसबाईंना भेटलो. रेफ्री, जादा वेळ, पेनल्टी सगळं सांगितलं. त्यांनी नियमाचा कागद माझ्यासमोर सरकवला. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

वर्ग चालू राहणार. नर्सबाई शिकवणार. मी विद्यार्थी म्हणून आलो तर त्यांची हरकत नाही, वेळेवर यावं, असं म्हणाल्या.

मी पायरी चढणार नाही. कधीच नाही.

२२ जुलै, बुधवार
पावणेचारला पोचलो. नुसतं बघायला. हजेरीपटावर नववं नाव लिहिलेलं होतं, ‘मास्तर’. पुढे बरोबरची खूण केली नर्सबाईंनी, मला न विचारता.

शेवटच्या बाकावर बसलोय. सूड पूर्ण ठरलाय. आत्ता सुई आणि दोरा घेऊन नर्सबाईंसमोर जाणार आणि सगळ्यांदेखत म्हणणार, मला ओवता येत नाही, ओवून द्या. बसतील दर बुधवारी ओवत.