वीतभर माती

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

तुम्हा दोघांना आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतोय, पण त्याला दुसरं काम काय! तुझ्या बायकोला सातवा महिना लागला ना? जड उचलू देऊ नकोस.

वाळत चाललेल्या झाडांची तू पाठवलेली मुळं मिळाली. ओल्या फडक्यात गुंडाळून, वर तारीख घालून! प्रयोगशाळेतल्या पोरींना दाखवलं, म्हटलं शिका काहीतरी.

झाडाच्या बारीक मुळांना टोकाशी बुरशीचं टोपडं लागतं. तीच त्याला पाणी नि क्षार आणून देते. चांगल्या जंगलात मी तिचे वीस-वीस प्रकार मोजलेत. तुझ्या मुळांवर एकच सापडला. बाकी टोकं काळी, बोडकी. त्या जागेवरच्या जुन्या कारखान्याचं शिसं खाली तसंच आहे आणि मुळं आता तिथवर पोचलीत.

"ताई, औषध काय घालू?" असं तू विचारलंस. औषध नाही रे. तू लावलेल्या सहाशे झाडांतली उरलेलीही जातील.

मुळांबरोबर वाळवलेली अळंबी होती. सोबत तू लिहिलं होतंस, "आपल्या झाडांखालची, आम्ही तर रोज खातो." मी ती खाल्ली नाही, तपासली. तगलेल्या त्या एकाच बुरशीची आहे आणि शिशाने भरलेली आहे. तीनदा तपासली, आकडा हलत नाही.

मघाशी फोन केला तो यासाठीच. तिने उचलला. मी एवढंच म्हणाले, "अळंबी खाऊ नका." ती हसली. "काहीतरीच काय ताई, माती तुम्हीच तर पास केलीत!"

मी फोन ठेवून दिला. म्हणून हे लिहितेय.

सहा वर्षांपूर्वी त्या जागेच्या मातीचा नमुना घ्यायला हातभर खणायचं होतं, मी वीतभर खणलं. वरची माती बाहेरून आणून पसरलेली आहे हे रंगावरून कळत होतं. पण खाली दगड लागत होते, आणि तू शेजारी उभा राहून कुठे काय लावायचं ते बोटाने दाखवत होतास. तुझा हिरमोड करवेना. वरचीच माती पिशवीत भरली आणि चिठ्ठीवर 'हातभर' लिहिलं. तू गावभर सांगत सुटलास, "ताईने तपासलंय, म्हणजे झालं."

तो अहवाल खोटा आहे. अळंबीची बरणी आजच फेकून दे. तिला डॉक्टरकडे ने, दोघांचं रक्त तपासून घ्या. बाळाचं काय, ते मला ठाऊक नाही. विचारायची हिंमतही नाही.

माझ्यावर विश्वास ठेव, असं आता कुठल्या तोंडाने म्हणू? तरी ठेव. एवढ्या एकाच गोष्टीपुरता.

जिने तपासलं नव्हतं, ती
तुझी ताई