आर्यासाठी श्वास

१४ जुलै
सकाळी देवरुखच्या पलीकडच्या गावातून एक मुलगी आणली. आर्या, सात वर्षांची. पहाटे पोटात दुखतंय म्हणाली, मग पापण्या उचलेनात, थुंकी गिळता येईना. अंगावर खूण कुठेच नाही. जमिनीवर झोपली होती एवढं ऐकलं आणि मी म्हटलं, मण्यार.
डॉ. मारिटने असा साप चावलेलं मूल कधी पाहिलेलं नाही. तिच्या नॉर्वेत कुठून असणार? मिशनने तिला आमच्या दवाखान्यात सहा महिन्यांसाठी पाठवलंय. हात मात्र तयारीचा. सापाचं इंजेक्शन सुरू केलं, साडेनऊला श्वास थांबला तशी क्षणात नळी घातली.
व्हेंटिलेटर एकच. त्यावर शबानाचं न्यूमोनियाचं बाळ. आंबा घाटात दरड, कोल्हापूरला नेता येत नाही. म्हणजे नळीला जोडलेली हवेची पिशवी हातानेच दाबायची. किती दिवस? मारिटने विचारलं.

१५ जुलै
गावातून टेम्पो भरून माणसं आली. वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावल्या. आर्याच्या आजोबांना कसं दाबायचं ते दाखवायला गेले तर म्हणाले, "तुमी जेवून या शिस्टर. पिशवी आमी दाबताव." भाताची लावणी टाकून आलेत सगळे. मुलीचे बाबा मुंबईहून निघालेत.
दुपारी शबाना उठून आली. मिरकरवाड्याची, मासे विकते. "मलापण शिकवा." तिचं स्वतःचं मूल दोन हातांवर मशीनला लावलेलं. शिकवलं.

१६ जुलै
वाईट दिवस.
मारिटने बुबुळांवर बॅटरी मारली. काही नाही. चिमटा काढला, काही नाही. मला बाजूला घेऊन इंग्रजीत म्हणाली, शैला, ही आता नाहीये. आपण कुणाला श्वास देतोय?
बावीस वर्षांत डॉक्टरला नाही म्हटलेलं आठवत नाही. आज म्हटलं. मण्यारीत डोळेसुद्धा लुळे पडतात, मी पाहिलंय, थांबायचं नाही. आवाज चढला माझा. मग तिने कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, सिस्टर बरोबर सांगतायत.
तिने येऊन माझे हात धरले. मग स्वतः पाळीला बसली, ओठांत प्रार्थना.
पण तोवर मुलगी गेल्याची बातमी फुटलीच. आर्याचे काका खाटेशेजारी उभे राहून म्हणाले, "गाडी सांगू काय? घरी न्हेलेली बरी." आजोबांनी मान वर केली नाही. दाबत राहिले.

१८ जुलै
तेच. आई पायाशी बसून असते. बाबा पोचलेत, तेही पाळीला. आईने विचारलं, "तिला आयकू येत असंल काय वो?" बोलत राहा म्हटलं. म्हशीला रेडकू झालं, पागोळीखाली तिची छत्री तशीच आहे, असलं काय काय सांगत होती.

१९ जुलै
सकाळी ११.१०. उजव्या पायाचा अंगठा.
मला भास वाटला. मारिटला बोलावलं. तिने तिच्या मोडक्या मराठीत सांगितलं, "आर्या, ऐकते तर अंगठा हलव."
हलवला.
पुन्हा सांगितलं. पुन्हा हलवला.
मारिट तिथेच फरशीवर बसली. आजोबांनी पिशवी न सोडता कपाळ खाटेच्या दांड्याला टेकवलं. मी चार्टवर वेळ लिहिली.

२२ जुलै
नळी काढली. स्वतःचा श्वास. उथळ आहे, पण तिचा. कितीतरी वेळ आम्ही सगळे नुसते तिची छाती बघत उभे. पन्नास वर्षांची बाई मी, छाती वर-खाली होते याचं एवढं नवल!

२४ जुलै
आज बोलली. आवाज घोगरा.
म्हणाली, आजोबा हळू दाबायचे. मिरकरवाड्याची मावशी जोरात, तिच्या हाताला मासळीचा वास. डोळे मिटलेले, हे सगळं तिने कसं…
मग काका आत आले. त्यांच्याकडे बघून तिने साधं विचारलं, "काका, गाडी सांगितलीव काय?"
राग नव्हता. जायचं म्हणाले होते, मग गाडीचं काय झालं, एवढंच. काका बाहेर पायरीवर जाऊन बसले ते जेवायला उठले नाहीत. संध्याकाळी तिने त्यांना आपणच हाक मारून पेज भरवायला लावली. त्यांनी वाटी संपेपर्यंत भरवली.
मारिट त्या दिवशी इंग्रजीत बोलली म्हणून बरं, आर्याला कळलं नसेल. की कळलं? ती माझ्याकडे बघत होती.

२७ जुलै
आर्या आईच्या आधाराने चार पावलं चालली. डावा पाय ओढते, सुधारेल असं वाटतं. शबाना बाळाला घेऊन घरी गेली.
दोन दिवस एकच डोक्यात. इतक्या वर्षांत ज्या पोरांच्या खाटेशी उभं राहून आम्ही "आता काही नाही" म्हटलं… तीही ऐकत होती का? मारिटला विचारलं. म्हणाली, शैला, मलाही झोप नाही.
दुपारी मेंदूज्वराचा एक मुलगा आला. पाच वर्षांचा, जयगडचा. निपचित. मारिट म्हणाली, आशा कमी. हे सांगायला तिने मला दाराबाहेर नेलं.
परत येऊन त्याच्याजवळ बसले. म्हटलं, बाळा, मी शैला सिस्टर. सलाईन बदलतेय, हाताला जरा गार लागेल. आई खाली चहा प्यायला गेलीय, येईलच.