निळ्या धाग्याची दोरी

व्रान्ये, ८ डिसेंबर १८७५

माझ्या लाडक्या नास्को,

तुझ्या दोन्ही गालांचे मुके आणि थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद. हे पत्र रिस्तो गाडीवानाच्या हाती देते आहे. तो लोकर घेऊन सरहद्दीपलीकडे सर्बियात निघालाय. क्रागुयेवात्सला तुझ्या तोफांच्या कारखान्याच्या दारात स्वतः येऊन देईन म्हणतो. त्याला काहीतरी गरम खाऊ घाल. बडबड्या आहे, पण भरवशाचा.

इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे थंडीत कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा ती जास्त कुरकुरते. आलुबुखाराची दारू यंदा छान उतरली. शेजारच्या रूस्तेम आगांच्या घरून भोपळे आले, आपण त्यांना मिरच्यांच्या माळा पाठवल्या. त्यांच्या कोंबड्या अजून आपल्या वाफ्यात येतात, आई अजून त्यांना तुर्की भाषेत शिव्या देते. "सर्बियन त्यांना कळत नाही," असं तिचं म्हणणं.

परवा आपल्या घरच्या संताचा, संत निकोलाचा दिवस झाला. नाताळाआधीचा उपासाचा काळ, मांस-दूध वर्ज्य, म्हणून घेवडा, नदीतला मासा आणि अक्रोड घातलेले गोड गहू. पाव मी मळला. वर क्रूस काढला आणि चार बाजूंना पक्षी. आई म्हणाली, "हे पक्षी आगांच्या कोंबड्यांसारखे दिसतायत." पाहुणे थोडेच आले. काहींना सर्दी झाली होती, काहींकडे म्हणे पाहुणे आले होते. मी कुणाला नावं ठेवत नाही.

पाव कापायची वेळ आली. पाद्री आर्सा टेबलापाशी उभे राहिले, पाव उचलला आणि सवयीनं म्हणाले, "चला, घरधनी पुढे या."

कुणी हललं नाही. मग मीच हात पुसून पुढे झाले.

"स्तामेना, पोरी," ते हळूच म्हणाले, "हे बापाकडून मुलाकडे जातं. तुला माहीत आहे."

"बाप जिवंत आहे आणि मुलगाही जिवंत आहे. दोघं घरात नाहीत एवढंच. संताला दारातून परत पाठवू का?"

त्यांनी नाक शिंकरलं. बराच वेळ शिंकरत होते. मग पावाची एक बाजू माझ्या हातात दिली. आम्ही दोघांनी तो फिरवला, आडवा-उभा कापला, वर लाल वाइन ओतली. आई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

इथे वाचताना तू थांबला असशील. बाबा कुठे होते, असं विचारत असशील. नास्को, पत्राची सुरुवात मी भोपळ्यांनी केली ती हे टाळण्यासाठीच. पण आता लिहिते. तू बस आणि शांतपणे वाच.

शरद ऋतूत पोल्यानित्साच्या डोंगरातल्या एका शेतकऱ्याला पकडून आणलं. नाव व्लायको. सुलतानाविरुद्ध उठलेल्या बंडखोरांना त्यानं गोठ्यात झोपू दिलं आणि चीज दिलं, एवढाच त्याचा गुन्हा. घोडेबाजारात फाशी द्यायचं ठरलं. तुर्की फौजेच्या छावणीचे अधिकारी, मुलाझिम साहेब, आपल्या दोरांच्या दुकानात आले. तू त्यांना ओळखतोस, तेच ते, लंगडणारे, बाबांकडे नेहमी कॉफी प्यायचे. मी आत दोरासाठी वाख विंचरत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"स्पिरा उस्ताद, एक चांगला दोर हवा. मऊ, गाठ सरकेल असा."

"कशासाठी, हुजूर?"

"तुला माहीत आहे कशासाठी."

बाबांनी दोर वळायचं चाक थांबवलं. "विहिरीला हवा तर देतो. घोड्याला, गाढवाला, तंबूला देतो. माणसासाठी वळत नाही."

"मग तंबूसाठी आहे असं समज."

"समजलो असतो, हुजूर. तुम्ही सांगितलं नसतं तर."

साहेब चिडले नाहीत. उलट आवाज खाली आणून म्हणाले, "उस्ताद, उद्या सकाळी माणूस पाठवतो. आजचं मी काही ऐकलेलं नाही."

आई दिवसभर बाबांच्या मागे लागली. "तुम्ही नाही दिला तर दुसरा कुणी देईल! तो बिचारा काही वाचणार नाही, आणि आपण मात्र बुडू. एवढं कसं कळत नाही?" तिचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. बाबा म्हणाले, "दोका, देईल तो देईल." सकाळी त्यांनी चाक कण्यावरून उतरवून भिंतीला टेकवलं, दाढी केली, सणाचा अंगरखा घातला आणि दुकानाच्या पायरीवर बसले. शिपाई आले तेव्हा त्यांनीच उठून दुकानाचं दार ओढलं आणि त्यांच्याबरोबर गेले.

बंडखोरांचा साथीदार, असा आरोप ठेवला.

व्लायकोला फाशी दिलीच. मी गेले नाही, आईला जाऊ दिलं नाही. दुपारी रूस्तेम आगा आपल्या अंगणात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत, डाळिंबाच्या झाडापाशी उभे राहिले. "मुली, मी त्याच्या जवळून गेलो," ते म्हणाले. "छावणीतला जुना तंबूचा दोर होता. निळा धागा होता त्यात."

निळा धागा घालून दोर वळणारं व्रान्येत दुसरं घर नाही, हे तुला सांगायला नको.

तुरुंगात जेवण पोचवायची मला परवानगी होती. बाबांना सांगावं की नाही, या विचारात मी घेवड्याचं भांडं घेऊन दारात कितीतरी वेळ उभी होते. शेवटी सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर अजून वाईट. बाबांनी चमचा खाली ठेवला. आपले हात उलटेपालटे करून पाहिले, वाखानं कापलेले, डांबरानं काळे पडलेले. मग म्हणाले, "नास्कोचं खरं होतं."

तू गेल्यापासून त्यांच्या तोंडून मी तुझं नाव पहिल्यांदा ऐकलं.

तू घर सोडलंस त्याआधीच्या त्या सणाच्या जेवणात तू म्हणाला होतास, तुमच्या दोऱ्या सुलतानाचे तंबू उभे ठेवतात. आणि ते म्हणाले होते, सुलतानाचे तंबू उभे राहतात आणि तुझ्या ताटातला घेवडासुद्धा त्यांच्यावरच येतो. मग तू ताट सरकवून उठलास. त्या दिवशी मला तुम्हा दोघांचंही पटलं होतं. म्हणूनच मी कुणाच्याच बाजूनं बोलले नाही.

त्यांना हद्दपार केलंय, नास्को. दियारबकीरला. समुद्र ओलांडून, पुढे कुठेतरी खूप लांब. स्कोप्येच्या रस्त्यानं नेलं. पहारेकऱ्यांत एक म्हातारा होता, त्यानं मला गावाबाहेरच्या पुलापर्यंत बरोबर चालू दिलं. बाबांच्या हाताला साखळी होती, म्हणून मी त्यांची बाही धरली होती.

"आईला गुडघ्यांना गरम मीठ बांधायला सांग," ते म्हणाले. "आणि आगांच्या कोंबड्यांवरून भांडू नका, तो भला माणूस आहे."

"बरं."

"दुकान तू चालव. तुझा पीळ माझ्याहून घट्ट बसतो. तुला कधी सांगितलं नाही, फुगली असतीस."

मी हसले आणि रडले. मग पूल दिसू लागला, तेव्हा ते घाईनं बोलले.

"तो माझ्या आशीर्वादाशिवाय गेला. त्याला कळव, तो म्हणाला ते खरं होतं. आणि निकोलाची मेणबत्ती त्यानं आता स्वतःच्या घरी लावावी. माझी परवानगी आहे. पावाचा चौथा हिस्सा त्याला पाठव. माझ्या बापानं मला दिला होता तसा माझ्या हातानं द्यायचा होता, पण आता तुझ्या हातानं."

म्हातारा पहारेकरी "चला, चाचा" म्हणाला आणि ते गेले. सलोनिकाहून एका व्यापाऱ्यानं निरोप आणलाय की जहाजावर चढताना त्यांची तब्येत बरी होती आणि ते खलाशांना गाठ कशी मारायची ते शिकवत होते. हे मला खरं वाटतं.

आता माझं ऐक. तू येऊ नकोस. वेशीवरच्या चौकीत तुझं नाव घेऊन चौकशी करतात. आईनं मुलाची वाट पाहिलेली बरी, नवरा आणि मुलगा दोघांसाठी रडण्यापेक्षा. आम्हाला उणं काही नाही. मी चाक परत कण्यावर बसवलंय. विहिरींचे दोर वळते, गुरांची दावी वळते. छावणीतून माणूस आला होता. मी म्हटलं, "बाईच्या हातचा दोर फौजेला कसा चालेल, हुजूर? लोक हसतील." तो विचारात पडला आणि निघून गेला. परत येईल तेव्हाचं तेव्हा बघू.

रिस्तोजवळ फडक्यात बांधलेला पाव आहे. एव्हाना दगड झाला असेल, वाइनमध्ये भिजव. सणाचा दिवस उलटला म्हणून मागेपुढे पाहू नकोस, ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी मेणबत्ती लाव. कारखान्यातल्या कुणालातरी बोलव, एकट्यानं खाऊ नकोस.

आणि प्रार्थनेत जिवंतांची आणि मृतांची नावं घेशील तेव्हा बाबांचं मोठ्यानं घे, आणि जिवंतांमध्ये घे.

या घराची तूर्त धनी,
तुझी बहीण
स्तामेना